पिन काढली का?

माझ्या भावाच्या घरात शिरलं की आधी दिसायच्या त्या भिंतीवर लोंबणाऱ्या पिना. टीव्हीची पिन, टेपची पिन, मिक्सरची पिन, पाण्याच्या मोटारीची पिन. सॉकेटात म्हणून एक नाही. प्रत्येक वायरीची नीट घडी, तिला रबर, आणि घडी खिळ्याला अडकवलेली. खिळेही त्यानंच ठोकलेले, तेही चाचपून, कारण भाऊला दिसत नाही. ऐन पंचविशीत काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आता साठी उलटलीय. जळगावात, मेहरूणला, आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांत एकटा राहतो, लोकांना पेटी शिकवतो, आणि कुणी ‘अरेरे’ म्हटलं की त्याला चहा न देता वाटेला लावतो.

मी त्याची धाकटी बहीण. सासर धुळ्याचं. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे शेजाऱ्यांना भांडणच वाटतं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा ते भांडणच असतं. मी तापट आहे. तो तापट नाही, पण हट्टी असा की तापटापेक्षा वाईट. तो मला ‘बाई’ म्हणतो, मी त्याला ‘भाऊ’ म्हणते, आणि घाईला आलो की दोघंही शाळेतलं मराठी सोडून आबांच्या गावच्या अहिराणीवर उतरतो.

आमच्याकडच्या लाईटीचं काय सांगू! जाते तेव्हा गुपचूप जाते, येते तेव्हा ढोलताशे लावून येते. मे महिन्यात गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे खांबावरचा तो ट्रान्सफॉर्मर, नुसती घूं घूं करत बसते. मग लाईट जाते. लाईट गेली की घरातलं एक बटण मुद्दाम चालू ठेवायचं, म्हणजे आली की कळतं, ही आमची सगळ्यांचीच रीत. इतरांकडे त्यासाठी बल्ब असतो. भाऊला बल्बचा काय उपयोग? तो टेपवरचा रेडिओ चालू ठेवायचा. रेडिओ बोलायला लागला की लाईट आली. आता गंमत बघा, येणाऱ्या लाईटीचा पहिला दणका बसणार तो नेमका त्या बिचाऱ्या राखणदाराच्या टाळक्यात!

हा टेप म्हणजे दोन कॅसेटींचं, वर रेडिओ असलेलं, हातात धरायला लोखंडी मूठ असलेलं जुनं धूड. भाऊची नजर गेली त्याच्या आसपास आबांनी आणलेला. त्याची एकेक कळ भाऊच्या बोटांना पाठ. मी त्याला एकदा नवा मोबाईल आणून दिला, म्हटलं यात सगळी गाणी आहेत. त्यानं तो हातात फिरवला नि म्हणाला, “काचेवर काय चाचपू मी? कपाळ?” मोबाईल परत माझ्याकडेच आला.

त्या घराचं वायरिंगही आबांचंच. आबा हौशी. मिस्त्री बोलवायचा नाही, सगळं आपण करायचं. त्या हौसेत बटणं बसली उलट्या तारेवर. म्हणजे बटण बंद केलं तरी करंट आपला सॉकेटातून वस्तूच्या पोटापर्यंत पोचलेलाच! हे कळलं कुणाला, तर भाऊला. बटण बंद असताना टेपची मूठ उचलायला गेला तर हाताला मुंग्या आल्या. दुसऱ्या कुणी लक्षही दिलं नसतं. यानं चार-चारदा हात लावून, बटण वर-खाली करून, पिन आत-बाहेर करून खात्री केली नि मला फोनवर सांगितलं, “बाई, आपल्या घरात बंद म्हणजे बंद नाही. पिन बाहेर काढली तरच बंद.” मी म्हटलं, वायरिंग बदलून घे. तो म्हणाला, भिंती फोडतील. मी म्हटलं, मग फोडू देत ना! तो म्हणाला, मग मला माझी भिंत सापडणार नाही.

मग मी त्याच्यासाठी तो लाल दिव्याचा बोर्ड आणला, जास्तीची लाईट आली की आपण मरतो आणि वस्तूला वाचवतो असा. दुकानदारानं मला बजावून सांगितलं होतं, दिवा जळतोय तोवर बोर्ड शाबूत, दिवा गेला की बोर्ड नुसता लाकडाच्या ओंडक्यागत. मी ते भाऊला तसंच्या तसं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “आणि दिवा गेला हे मला कोण सांगणार? बोर्ड खोकणार का?” मी इतकी चिडले, इतकी चिडले! कारण त्याचं बरोबर होतं.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात फ्रीज जळाला. मी दिलेला, कोरा करकरीत. दुपारी लाईट आली, आतून धूर निघाला, आणि भाऊ पलीकडच्या खोलीत पेटी वाजवत बसलेला. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून त्या धावल्या. मी धुळ्याहून गाडी हाणत आले ती ओरडतच घरात शिरले. “बस झालं! आग लागली असती म्हणजे? चल धुळ्याला!” माझ्याकडे खालची खोली रिकामी होती, रंग दिलेला, पंखा बसवलेला, पलंग टाकलेला. मी त्याला कितीदा बोलावलं होतं! तो दरवेळी म्हणायचा, तिथं मी पाहुणा. इथं मी मालक. मला दारापासून तलावापर्यंतची वाट पायांनी येते, टपरीवाला पावलांवरून चहा टाकतो, तुझ्याकडे मला संडास शोधायलाही माणूस लागेल.

पण त्या दिवशी जळक्या फ्रीजशेजारी उभा राहून तो नमला. म्हणाला, “बरं. शर्त लाव. पुन्हा या घरात एक वस्तू जळाली, तर मी स्वतः कपडे भरतो. तू काही बोलायचं नाही, मी काही बोलायचं नाही.” मी म्हटलं, “शब्द दिला?” “दिला.” आणि भाऊ शब्दाचा पक्का. देवाची शपथ मोडेल, दिलेला शब्द मोडणार नाही.

तेव्हापासून ते खिळे आणि त्या पिना. फोन केला की मी पहिलं विचारायची, “पिन काढली का?” “काढली.” “टीव्हीची?” “काढली.” “छपरावरून येते ती केबलची वायर?” “तीही काढली, बाई, आता काय माझी शेंडी काढू?” मला वाटायचं, चला, सुधारला एकदाचा. आणि खरं सांगते, मनातून थोडी निराशाही व्हायची. ती खालची खोली रिकामीच होती ना!

तर यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. भाऊच्या मनात आलं, पद्मालयाला जायचं. एरंडोलजवळचं ते गणपतीचं देऊळ, तिथली ती भलीमोठी घंटा त्याला ऐकायची होती. मी धुळ्याहून पहाटे गाडी काढली. गाडी मीच चालवते, नवरा शेजारी बसला की ‘ब्रेक, ब्रेक’ करतो म्हणून त्याला घरीच ठेवते. जळगावला पोचले तर गल्लीत लाईट नव्हती. माणसं ओट्यांवर पेपरानं वारा घेत बसलेली. मी दारातूनच भोंगा वाजवायला लागले. “चल रे, ऊन होईल! चल की!” भाऊ आतून म्हणत होता, थांब जरा, थांब, मी बघतो एकदा. मी कुठली थांबतेय! हात धरून बाहेर काढला, कुलूप त्यानं घातलं, आणि निघालो.

घंटा त्यानं अशी वाजवली की पुजारी बाहेर आले. मग तिच्या खाली उभा राहिला, नाद पूर्ण विरेपर्यंत, तोंड वर करून. इतका खूश! परतीच्या वाटेवर हायवेच्या धाब्यावर शेवभाजी खायची ठरली होती, झणझणीत, तेलाचा तवंगवाली. एरंडोलला पोचलो, आणि त्याचा बटणांचा फोन वाजला. काकू होत्या. भाऊ नेहमी फोन स्पीकरवर टाकतो, त्यामुळे त्यांचा आवाज गाडीभर झाला.

“भाऊ! बठ्ठं जळी गयं वं माय, सगळं गेलं! समोरच्या ओळीत लाईट आली आणि फाट्! टीव्ही गेला, दोन कूलर गेले, पंखा असा पळाला की पोरंसोरं बाहेर! डीपीवरची तार तुटली म्हणे. आता वायरमन आलाय. आपल्या ओळीत अजून लाईट नही शे. आता आपली जोडणार आहे!”

भाऊ हळूच म्हणाला, “बाई, रेडिओचं बटण चालू आहे.”

“काय?”

“टेपची पिन आत आहे. सकाळी लाईट गेली, तेव्हा आली की कळावी म्हणून राहू दिली. तू भोंगा वाजवलास, मी विसरलो.”

अगं बाई गं! मी काकूंना ओरडले, वायरमनला सांगा आमच्या घराची तार वरूनच काढून ठेव! काकू म्हणाल्या, सांगितलं, तो म्हणतो आधी गल्लीची लाईट, मग एकेकाचे लाड. कुलूप तोडा? कुलूप आबांच्या काळचं, त्याला तोडायला हातोडा नाही, तोफ लागेल. मेन स्विच घरात. किल्ली भाऊच्या कमरेला. म्हणजे आम्हीच पोचायला हवं, आणि लाईटीच्या आधी.

मी गाडी अशी काढली की शेवभाजीचा धाबा कधी मागे पडला तेही कळलं नाही. “बाई, हळू,” भाऊ म्हणाला. “हळू कशाला? तुझा टेप जातोय!” “टेप जाईल. आपण जायला नको.” मी म्हटलं, तू गप बस, मला चालवू दे. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. लहानपणी मार बसायचा असला की तो असाच बसायचा.

पाळधीच्या अलीकडे पुढं केळीचा ट्रक. वरपर्यंत घड रचलेले, हिरवागार डोंगर, आणि चालतोय असा की केळी वाटेतच पिकावी. ओव्हरटेकला जागा मिळेना. आणि तिथं, त्या ट्रकच्या मागं, माझ्या मनात ते आलं. आलं म्हणजे आलंच. की मी नुसतं या ट्रकच्या मागं राहिले तर? कुणी मला काही म्हणणार नाही. ट्रकच होता, मी काय करणार! लाईट येईल, टेप जळेल, भाऊ शब्दाचा पक्का, संध्याकाळपर्यंत त्याचे कपडे माझ्या गाडीत असतील. खालच्या खोलीत पेटी वाजेल. रोज सकाळी मी त्याला चहा देईन आणि रोज सकाळी आम्ही भांडू. मला ते सगळं इतकं हवं होतं की डोळ्यात पाणी आलं.

फोन पुन्हा वाजला. “तो वर चढना भाऊ! तार जोडी ऱ्हायना!” म्हणजे वायरमन खांबावर चढून तार जोडायला लागला होता.

भाऊ काकूंना म्हणाला, “जोडू द्या, काकू. लोकांना उकडत असेल.” आणि फोन बंद करून खिशात ठेवला. नुसतं एवढंच. ना चिडचिड, ना आरडाओरडा. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मी त्या ट्रकवाल्याला इतका भोंगा वाजवला, इतका वाजवला, की त्यानं खिडकीतून हात काढून मला शिवी दिली आणि गाडी कडेला घेतली. मीही त्याला एक दिली. आणि सुटले!

गिरणेचा पूल गेला. शहरात शिरलो तर चौकाचौकात गर्दी, लग्नाची तिथी, मधेच एक वरात, नवरदेव घोड्यावर घामानं निथळतोय, बँड जोरात. भाऊ म्हणाला, “क्लॅरिनेट बेसूर आहे.” मी म्हटलं, “अरे मेल्या, तुझं घर जातंय आणि तू क्लॅरिनेट ऐकतोस?” तो हसला. मग मीही हसले. आम्ही दोघं हसत हसत, घाबरत घाबरत अजिंठा चौफुली ओलांडली, आणि मेहरूणच्या आमच्या गल्लीत गाडी घातली ती तशीच मधोमध सोडली, दार सताड उघडं.

खांबावर माणूस होता. खाली अख्खी गल्ली माना वर करून उभी, कुणी छत्री धरलेली, कुणी डोक्यावर टॉवेल. काकू आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवत होत्या. मी भाऊच्या कमरेची किल्ली ओढली नि दाराकडे पळाले. कुलपात किल्ली घातली. फिरेना! उलटी घातली. फिरेना! कुलपाला लाथ मारली. “भाऊऽऽ!” तो मागून भिंतीला हात लावत भराभर आला, मला खांद्यानं बाजूला केलं, किल्ली जराशी बाहेर ओढली, कुलूप वर उचललं, आणि टक्. उघडलं. मी आत घुसले.

आत अंधार. उन्हासाठी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बाहेरच्या झळाळीतून आले तर मला काही म्हणता काही दिसेना. “कुठंय?” “कपाटाच्या मागं, खाली, डाव्या हाताला!” मी गुडघ्यांवर बसून कपाटामागं हात घातला. वायर सापडली. आणि बाहेरून आरोळी आली. “टाकतोय रे! बाजूला व्हा!”

वायर माझ्या मुठीत होती. खोटं कशाला बोलू, हात थांबला. इतकाच थांबला की मला कळावं, थांबलाय. मागं दारात भाऊ उभा होता. तो ‘काढ’ म्हणाला नाही. वाट बघत नुसता उभा होता, आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मी वायर ओढली. जीव खाऊन ओढली! पिन धरून हळू काढायची, वायर कधी ओढायची नाही, हा त्याचा कायदा. माझा कसला कायदा! पिन सॉकेटातच राहिली, वायर तिच्यातून उपटून माझ्या हातात आली, आणि मी मागं उताणी पडले ती थेट पेटीवर. पेटी भसाड्या आवाजात ओरडली.

आणि लाईट आली. काय लाईट होती ती! पेटी शिकायला येणाऱ्यांसाठी लावलेला देवळीतला बल्ब चालू राहिलेला, तो आधी पांढराफटक झाला, मग निळसर, आणि ठप्प. काचेचे तुकडे फरशीवर. शेजारी काहीतरी फुटलं, बाई किंचाळली, गल्लीत बोंब उठली, “बंद कर, बंद कर!” लाईट गेली. सगळीकडे जळका वास. मी फरशीवर वायर छातीशी धरून पडलेली, आणि भाऊ विचारतोय, “बाई, लागलं का?”

“लागलं तुझं डोकं!” मी ओरडले. “वाचला! वाचला रे तुझा टेप!”

मी नाचायचीच बाकी होते. काकू आल्या, त्यांनी मला मिठी मारली, गडबडीत त्यांच्या कूलरची पिन आतच राहून तो गेला होता, तरी मारली. मग वायरमननं पुन्हा काहीतरी काढलं, जोडलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि बऱ्याच वेळानं लाईट पुन्हा आली. भाऊनं पंखा लावला आणि त्याच्याखाली कान देऊन उभा राहिला. पंखा जोरात फिरला तर लाईट जास्त, रडत फिरला तर कमी, हे त्याचं मीटर. “आता बरोबर आहे,” तो म्हणाला. मग फरशीवर बसून त्यानं तुटलेल्या वायरीची टोकं दातांनी सोलली, पिन उघडून पुन्हा बसवली, स्क्रू आवळले, सगळं बोटांनी. पिन आत घातली. बटण दाबलं. खरखर झाली, आणि रेडिओवरचा माणूस केळीवरच्या करपा रोगाची माहिती द्यायला लागला. करप्याची माहिती ऐकून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता!

भाऊ मात्र हसला नाही. उठला, कपाट उघडलं, आणि आपले सदरे एकेक काढून पलंगावर ठेवायला लागला.

“हे काय?”

“शब्द दिलाय.”

“अरे, पण जळाला कुठं? बोलतोय की तो!”

“तू वाचवलास म्हणून. मी एकटा असतो तर जळाला असता. पिन मी आत ठेवली. चूक माझी.”

“शर्त वस्तू जळाली तर होती! जळाली का? नाही ना? मग?”

“बल्ब जळाला.”

“बल्ब वस्तू नाही! बल्ब गेला म्हणून कुणी घर सोडतं का?”

“पिन तू काढलीस, बाई.”

“आणि कुलूप कुणी उघडलं? मी तर लाथा मारत होते! आणि भोंगा कुणी वाजवला सकाळी? मीच ना? तुला बघू तरी दिलं का मी?” मी त्याच्या हातातला सदरा हिसकावून कपाटात कोंबला. तो बाहेर काढायचा, मी आत कोंबायची. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. वर्षभर त्याला ओढून न्यायला टपलेली मी, त्याच्या बाजूनं जिवाच्या आकांतानं भांडत होते, आणि तो माझ्या बाजूनं. शेवटी मी सगळे सदरे कपाटात टाकले, कपाटाला पाठ लावून उभी राहिले, आणि म्हटलं, “एक सांग मला. एवढं वर्षभर सांभाळलंस, पिन काढायला एकदाही चुकला नाहीस. मग आजच कशी राहिली?”

तो पलंगाच्या कडेला बसला. पायानं फरशी चाचपायला लागला.

“वर्षभर मी लावलंच कुठं काही,” तो म्हणाला. “टेप नाही, टीव्ही नाही. पिना बाहेरच असायच्या. जळेल म्हणून भीती वाटायची. जळालं की तू नेणार. पेटी होती, चालत होतं. तू यायची असलीस की तेवढा रेडिओ लावायचो, म्हणजे तुला घर मुकं वाटू नये. आजही त्यासाठीच लावला होता. मग लाईट गेली.”

करप्यावर कुठलं औषध फवारायचं ते रेडिओ सांगत होता. मी कपाटाला टेकून उभी होते. दर फोनला मी विचारत होते, पिन काढली का? आणि तो म्हणत होता, काढली. माझ्या धाकानं हा माणूस वर्षभर आपल्याच घरात गप्प बसून राहिला होता, आणि मला वाटत होतं, सुधारला.

“मग,” त्यानं विचारलं, आणि अशा आवाजात विचारलं की माझ्या आईबापाच्या घरात तो जणू भाडेकरू, “मी राहू का इथं?”

मला रडू फुटलं, आणि मला रडू फुटलं की मी ओरडते. “तुनं घर शे भाऊ! माले काय इचारस? आठेच ऱ्हाय, इथंच! जळू दे जळायचं ते, टेप जळू दे, टीव्ही जळू दे, मी नवा आणीन, नाही तर नाही आणणार, पण तू ऐक! आज, उद्या, रोज ऐक! शर्त गेली चुलीत!”

त्यानं हात लांब करून टेपवरचं आवाजाचं बटण शोधलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. करप्याची माहिती संपून गाणी लागली होती, खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली, काकूंनी दारातूनच कानावर हात ठेवले, आणि आम्ही दोघं एकमेकांना ऐकू जावं म्हणून संध्याकाळपर्यंत ओरडून ओरडून बोलत बसलो.